संमती दिली, म्हणून दोष संपला?



अमेरिकेतील महाविद्यालयांत गोऱ्या विद्यार्थ्यांच्या संघांची दारे कृष्णवर्णीयांना बंद होती. तेव्हा १९०६ साली कॉर्नेल विद्यापीठातील सात कृष्णवर्णीय तरुणांनी ‘अल्फा फाय अल्फा’ हा बंधुसंघ स्थापन केला. दोन वर्षांनी हॉवर्ड विद्यापीठातील विद्यार्थिनींनी ‘अल्फा काप्पा अल्फा’ हा भगिनीसंघ काढला. आज असे नऊ मोठे संघ आहेत आणि त्यांचे सभासदत्व जन्मभराचे असते. मार्टिन ल्यूथर किंग पहिल्या संघाचे, तर कमला हॅरिस दुसऱ्याच्या सभासद. अपमान सोसलेल्या समाजाला या संघांनी आधार दिला, हे आधी मान्य करायला हवे.

परंतु याच संघांत नव्या उमेदवाराला लाकडी फळीने मारणे, त्याची झोप मोडणे, त्याला राबवणे असे प्रकार रुजले. १९८९ साली अटलांटा येथील मोरहाउस महाविद्यालयातील एक उमेदवार मरण पावला. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय नेत्यांनी उमेदवारीची ती पद्धतच रद्द केली. मारहाण मात्र थांबली नाही, ती लपूनछपून होऊ लागली. जो नियमाप्रमाणे अर्ज भरून, मार न खाता आत आला, त्याला इतर सभासद ‘कागदी’ म्हणून हिणवू लागले. माझ्या मते सगळा रोग या एका शब्दात आहे. १९९४ साली मिसुरीत एक विद्यार्थी अनेक दिवस मार खाऊन बेशुद्ध पडला. त्याला घरी नेऊन झोपवले गेले आणि तो दगावला. २०२५ साली लुइझियानातही एका विद्यार्थ्याला असाच मृत्यू आला.

मारणारे म्हणतात, “तो स्वतःहून आला होता.” आपल्याकडचे रॅगिंग नको असलेल्यावर लादले जाते, इथे तर मुलगा आपण होऊन पुढे होतो. मग दोष कुणाचा? मिसुरीचा कायदा संमती हा बचाव मानत नाही आणि ते योग्यच आहे. एकोणीस-वीस वर्षांच्या ज्या मुलाला ‘कागदी’ ठरण्याची भीती आहे, त्याचा होकार कितीसा मोकळा? शिवाय कितव्या फटक्याला काय होईल हे त्याला ठाऊक नसते, आणि थांबवणे त्याच्या हातात नसते.

दुःख सोसल्याने माणसे जवळ येतात, असाही युक्तिवाद होतो. तो अगदीच खोटा नाही. आपणही उपवासकाळात शरीराला कष्ट देतो. पण उपवास आपण स्वतः करतो, शेजाऱ्याला कोंडून उपाशी ठेवत नाही. काल मी मार खाल्ला म्हणून आज मारायचा हक्क मला मिळत नाही.

फळी हातात धरणारा बहुधा विशी-बाविशीचा पोर असतो, न्यायालयात तोच उभा राहतो. त्याच्यामागचे वडीलधारे सभासद मात्र सुटतात. आता कुणी वकील, कुणी शिक्षक झालेले हे लोक मेळाव्यात आपल्या वेळच्या माराच्या गोष्टी रंगवून सांगतात. त्यांनी कुणावर हात उगारलेला नसतो. कॅथलिक धर्मशिकवणुकीच्या ग्रंथात (परिच्छेद १८६८) दुसऱ्याच्या पापात आपण कसे भागीदार होतो हे सांगताना हुकूम देणे, सल्ला देणे यांच्याच रांगेत वाहवा करणे ठेवले आहे, आणि अडवणे कर्तव्य असताना न अडवणेही.

डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत नवा कायदा झाला. त्यानुसार महाविद्यालयांना असे छळाचे प्रकार जाहीर करावे लागतात. मेळाव्यातल्या त्या गप्पांची नोंद त्यात होत नाही.