वर्गणी मोटारी राखायला होती

मान वर करा. चौथीत पाढे चुकले की खाली घालायचात तशी आज घालू नका, आता तुम्ही पोराबाळांचे बाप आहात. त्या मुलीची क्लिप गावाच्या ग्रुपवर कुणी टाकली, हे मी विचारणारच नाही. एकाने टाकली, चौघांनी पुढे ढकलली, बाकीचे हसले. माझ्या लेखी सगळे एकाच बाकावरचे.

होतं काय त्या क्लिपमध्ये? मुलगी फाट्यावर एसटीची वाट बघत उभी होती, वर्गातल्या मुलाशी चार शब्द बोलली. आज नववा दिवस, ती शिरूरला कॉलेजला गेलेली नाही. बाप म्हणतो, पुरे झालं शिक्षण, आता स्थळ बघतो. तिची आई माझ्या ओट्यावर रडून गेली. त्या आईला सातवीतून काढत होते तेव्हा मी तिच्या घरच्यांशी भांडले होते. आता तिच्या लेकीचं शिक्षण तुमच्या मोबाइलपायी थांबतंय, आणि मी गप्प बसावं म्हणता?

ती क्लिप ज्यातून काढलीत, तो फाट्यावरचा कॅमेरा कशासाठी बसवला, आठवतंय का? भीमेवरच्या मोटारी जात होत्या, केबली कापून नेत होते, डीपी फोडून तांब्याची तार काढत होते. नदीच्या अल्याड आपण आणि पल्याड दौंडवाले, दोन्हीकडचा शेतकरी रात्र रात्र जागत होता. म्हणून वर्गणी निघाली. मीही पेन्शनीतून दिली. पुन्हा मागाल तर पुन्हा देईन, कारण चोर खरा आहे आणि उसातला बिबट्याही खरा आहे. पण ती वर्गणी मोटारी राखायला होती, गावच्या मुली राखायला नव्हती. ते काम तुम्हाला कुणी सांगितलं?

‘बाई, ती रस्त्यावर तर उभी होती, त्यात खासगी काय?’ हे बोलताना एकाचा आवाज चढला होता. त्याने नीट ऐकावं. उत्तर प्रदेशात खडकसिंग नावाचा माणूस होता. दरोड्याच्या संशयावरून धरला, पुराव्याअभावी सुटला, तरी पोलीस रात्री-अपरात्री त्याचं दार ठोठावायचे. 1962 साली सुप्रीम कोर्टाने त्या रात्रीच्या फेऱ्या बंद केल्या, पण खासगीपणाला मूलभूत हक्क म्हणायला मात्र ते तयार झालं नाही. त्यासाठी 24 ऑगस्ट 2017 उजाडावं लागलं. निवृत्त न्यायाधीश पुट्टस्वामी यांच्या खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने सांगितलं की हा हक्क घटनेच्या 21व्या कलमातच आहे. माणूस चारचौघांत आला म्हणून तो हक्क घरी खुंटीला टांगून येत नाही, हेही त्याच निकालात आहे. दरोड्याचा संशय होता, त्याचंही दार कोर्टाने राखलं. या मुलीवर कसला संशय होता?

कलम कुठलं लागतं, असं विचारता? आयटी कायद्याचं 66ई उघड्या अंगाच्या चित्रणापुरतं, न्याय संहितेचं 77 बाईच्या खासगी क्षणांपुरतं. एसटीच्या शेडमधली मुलगी दोन्हींत बसत नाही, हे मला ठाऊक आहे. 2023चा डेटा संरक्षण कायदा आहे, पण त्याचे नियम यायला नोव्हेंबर 2025 लागला आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला पुढे अठरा महिने. त्यात घरगुती वापराला सूट आहे. गावच्या वर्गणीतला, फाट्यावरचा कॅमेरा घरगुती कसा, हे मला एकाने समजावून सांगावं. कुंपणाला खिंडार दिसलं म्हणून शेजाऱ्याच्या वावरात शिरायचं, हे मी तुम्हाला शिकवलं नव्हतं.

बदलापूर विसरलात? ऑगस्ट 2024 मध्ये तिथल्या शाळेतल्या चिमुरड्यांवरचा अत्याचार उघड झाला आणि पंधरा दिवसांचं चित्रण गायब असल्याचं तेव्हाच्या शिक्षणमंत्र्यांनीच सांगितलं. जे हवं होतं ते मिळालं नाही. आणि जे कुणालाच नको होतं ते तुम्ही दहा मिनिटांत वाडीवस्तीवर पोचवलंत.

आणि त्या कॅमेऱ्याचा पासवर्ड! गावाचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन, वर पानाच्या टपरीवरही सगळ्यांना पाठ. राजकोटच्या प्रसूतिगृहातही असाच पोरकट पासवर्ड होता. तपासणीच्या खोलीतल्या बायकांचं चित्रण चोरून टेलिग्रामवर विकलं गेलं, 2025च्या फेब्रुवारीत ते उघडकीला आलं. पकडले त्यांत आपल्या लातूर-सांगलीकडची पोरं होती. त्यांनाही कुणीतरी शाळेत शिकवलं असेल. त्या मास्तरांचं काय झालं असेल, हे माझ्या मनातून जात नाही.

आता उठा. कॅमेऱ्याचं तोंड शेडवरून काढून डीपीकडे आणि नदीच्या वाटेकडे वळवा. प्रत्येकाच्या फोनमधलं कॅमेऱ्याचं ॲप माझ्यासमोर काढा. नवा पासवर्ड ग्रामसेवक आणि पोलीस पाटील या दोघांकडेच राहील. चित्रण कुणी, कधी, कशासाठी पाहिलं, ते वहीत सहीनिशी लिहायचं. जुनं चित्रण किती दिवसांनी पुसायचं, ते ग्रामसभेत ठरवू, आणि त्या सभेला बायका हव्यात. क्लिप ज्या ज्या ग्रुपवर गेली तिथून काढा आणि तिथेच स्वतःच्या नावाने लिहा की चूक माझी होती.

मग संध्याकाळी सहाला तिच्या बापाच्या दारात सगळे हजर राहा. बोलायचं तुम्ही, मी फक्त तिच्या आईशेजारी बसणार आहे. आणि येताना मोबाइल घरी ठेवून या.