छप्पर एक, मतं दोन

एप्रिल २०२४ मध्ये आमच्या बालाघाटची एक बातमी देशभर छापून आली. तुमच्यापैकी अनेकींना आठवत असेल. माजी खासदार कंकर मुंजारे बहुजन समाज पक्षातर्फे लोकसभेला उभे होते आणि त्यांच्या पत्नी अनुभा मुंजारे इथल्याच काँग्रेसच्या आमदार. मतदान १९ एप्रिलला होतं. तोवर कंकरजींनी घर सोडलं आणि ते धरणाजवळच्या झोपडीत राहायला गेले. वेगळ्या विचारांची दोन माणसं निवडणुकीत एका छपराखाली राहिली तर लोकांना ती मिलीभगत वाटेल, असं त्यांचं म्हणणं. अनुभाताईंना ते पटलं नाही. पाचच महिन्यांपूर्वी विधानसभेला त्या बालाघाटमधून काँग्रेसतर्फे आणि ते परसवाड्यातून गोंडवाना गणतंत्र पार्टीतर्फे उभे होते, तेव्हा दोघं एकाच घरात राहत होते. मग आताच काय झालं, हा त्यांचा सवाल. प्रचार आपल्याच पक्षाचा करू, पण नवऱ्याबद्दल वाईट बोलणार नाही, हेही त्यांनी सांगून टाकलं.

मंदिरात पूजा आटोपल्यावर आम्हा बायकांत हाच विषय. एक म्हणाली, "बरोबर केलं त्यांनी. मतदाराला संशय नको." दुसरी म्हणाली, "पुरुषाला झोपडी सापडते हो. आपण कुठं जायचं?" सगळ्या हसल्या. मला हसू आलं नाही, कारण मला माझं घर आठवलं.

माझे दीर शेजारच्या गल्लीत राहतात. किराणा दुकान आहे. रोज चार वाजता दुकान मुलावर सोपवून आमच्याकडे चहाला येत. लग्न होऊन मी कारंज्याहून इथं आले तेव्हापासूनचा हा शिरस्ता. नोव्हेंबर २०२३ मध्ये तो मोडला. दिवाळी होती, पाच दिवसांवर विधानसभेचं मतदान. सकाळी निर्वाणलाडू चढवून आलो, फराळाला बसलो आणि विषय निघाला लाडली बहना योजनेचा. जूनपासून बायकांच्या खात्यात हजार रुपये यायला लागले होते, ऑक्टोबरात साडेबाराशे झाले. समोरच्या पक्षानं दीड हजारांचं वचन दिलेलं. भाऊजी म्हणाले, "ही मतांची खरेदी आहे. आमच्या करातून." मी म्हटलं, "आपली भांडीवाली गेली वीस वर्षं राबते आहे. तिच्या स्वतःच्या नावावर पहिल्यांदा पैसे आले. तुम्हाला ते दिसत नाही?" आवाज चढत गेले. शेवटी मी बोलून गेले, "भाऊजी, गल्ल्यावर बसून माणसाचं मनही गल्ल्याएवढंच होतं."

त्यांची नवी सून समोर बसलेली. भाऊजींनी ताटलीतलं संपवलं, हात धुतले आणि गेले. चारचा चहा बंद झाला.

यांनी त्यावर तोडगा काढला, "घरात राजकारण बोलायचं नाही." ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण मैत्रिणींनो, हा नियम पुरुषांना जड जात नाही. त्यांना पानठेला आहे, चौक आहे, दुकान आहे. बाई बोलते ती घरातच. घरात बोलायचं नाही म्हणजे तिनं कुठंच बोलायचं नाही. "आमच्याकडे सगळे एकालाच मत देतात" असं अभिमानानं सांगणारी घरं मला ठाऊक आहेत. तिथं एकमत किती आणि गप्प बसणं किती, हे त्या घरच्या सुनेला विचारावं.

मुंजारेंच्या घरून एक माणूस सांगून-सवरून, ठरावीक मुदतीसाठी बाहेर गेला. आमच्या घरातून कुणीच गेलं नाही, पण पाच महिने एक कप कमी मांडला जात होता. यातलं जास्त लांबचं अंतर कुठलं?

आपण अनेकांताचं नाव फार घेतो. हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट पाठशाळेत सगळ्यांनी ऐकली आहे. पण ती सांगताना आपण स्वतःला नेहमी डोळस माणसाच्या जागी धरतो. सोंड धरून बसलेली मीच आहे, असं कुणी म्हणत नाही. दुसरी गफलत म्हणजे अनेकांत म्हणजे सगळ्यांचंच बरोबर. तसं नाही. आपल्या शास्त्रात नय आणि दुर्नय असा भेद आहे. वस्तूचा एक पैलू पाहून तो ठामपणे सांगणं हा नय. बाकीचे पैलू नाहीतच असं म्हटलं की तो दुर्नय. 'स्यात्' म्हणजेही 'कदाचित' नव्हे, 'एका अपेक्षेनं' असं. म्हणजे ठाम बोलायला कुणी मनाई केलेली नाही. फक्त कुठं उभं राहून बोलतो आहोत ते सांगावं.

त्या दिवशी मी मोलकरणीच्या बाजूनं उभी होते, हा नय झाला. भाऊजींना दिसतच नाही म्हटलं, तिथं दुर्नय सुरू झाला. त्यांची उधारीची वही मी पाहिलेली आहे. करोनाच्या वेळी कितीजणांची नावं त्यांनी त्या वहीत खोडून टाकली, तेही मला माहीत होतं. माहीत असूनही मी ते बोलले, कारण वादात मला जिंकायचं होतं. आणि ज्या बाईसाठी भांडले तिला मी कधी विचारलंही नव्हतं. पुढं विचारलं तर म्हणाली, "पैसा कामी येतो, बाई. पण पोराला काम भेटलं असतं तर जास्त बरं झालं असतं." माझंही पुरतं बरोबर नव्हतं आणि भाऊजींचंही.

सप्टेंबरात दशलक्षण पर्व झालं, क्षमावाणी आली. दरवर्षीप्रमाणे मोबाईलवरून शंभरेक जणांना क्षमेचा निरोप पाठवला. पाठवताना लक्षात आलं, यातल्या नव्वदांशी माझं वर्षभरात बोलणंसुद्धा झालेलं नाही. भांडण ज्यांच्याशी झालं ते दोन घरं पलीकडे होते. गेले. मनात एकच भीती होती. क्षमा मागायची म्हणजे योजनेबद्दल जे बोलले तेही मागं घ्यायचं का?

भाऊजी ओट्यावर बसले होते. मी सुनेलाही बोलावून घेतलं, कारण तो शब्द मी तिच्यासमोर बोलले होते. म्हटलं, "गल्ल्याचं बोलले ते चुकलं. उत्तम क्षमा."

त्यांनी हात जोडले. मग हळूच विचारलं, "आणि योजनेचं?"

"ते मत तेच आहे."

"माझंही तेच आहे," ते म्हणाले. सून तोंडाला पदर लावून हसली.

दुसऱ्या दिवशी चार वाजता ते आले.

आता आम्ही बोलतो, आणि भांडतोही. एकच अट घातली आहे. उत्तर देण्याआधी समोरच्याचं म्हणणं त्याच्याच तोंडून शोभेल असं मांडायचं, त्यानं मान डोलावली की मगच आपलं सुरू करायचं. पहिल्यांदा भाऊजींनी माझी बाजू मांडली तेव्हा मी थक्क झाले. माझ्यापेक्षा नीट मांडली होती. त्यांची बाजू मांडताना मी दोनदा अडखळले. त्यांनी दोन्ही वेळा मान हलवली नाही. तिसऱ्यांदा जमलं. तोवर चहा गार झाला होता.

कंकरजी बरोबर की अनुभाताई, हा आमचा मंदिरातला वाद अजून मिटलेला नाही. मतदाराचा विश्वास जपावा हे खरंच आहे, आणि घर पक्षापेक्षा मोठं हेही खरं. पण यंदाच्या क्षमावाणीला निरोपांची यादी काढाल तेव्हा जिच्याशी खरोखर वाजलं तिचं नाव त्यात शोधा. ते असेल तर तिला निरोप पाठवू नका. तिच्या घरी जा. मत सोबत घेऊन गेलात तरी चालेल.