विसर्जन आणि मालरो

आंद्रे मालरो १९५९ ते १९६९ फ्रान्सचे सांस्कृतिक मंत्री होते. त्याआधी कादंबरीकार. १९७६ साली गेले. त्याच्या थोडं आधी झाँ-मारी द्रो या दिग्दर्शकानं त्यांना जगभरच्या कलेवर बोलतं करून मालिका केली. मालरोंचं म्हणणं असं, की मध्ययुगातल्या कारागिरानं क्रूसावरचा ख्रिस्त घडवला तेव्हा तो ख्रिस्तच होता. संग्रहालयात आल्यावर शिल्प झाला. देव जातात, कला उरते, आणि त्या उरण्यात माणसाचं मरणाशी भांडण असतं.

मी पनवेलची. आयुष्यभर मुलांना चित्रकला शिकवली, घरची पूजाही केली. मालरोंचं पहिलं म्हणणं मला पटतं, दुसरं नाही.

मालरो घारापुरीच्या लेण्यांत येऊन गेले होते, १९६७ च्या आठवणींच्या पुस्तकात त्यांनी त्याबद्दल लिहिलंही. तिथली सहाव्या शतकातली शिवाची महेशमूर्ती सुमारे १८ फूट उंच. तिच्या तीन मुखांपैकी आपल्या डाव्या हाताला संहारक अघोर, मिशांचा, सापाशी खेळणारा. उजवीकडे कमळ धरलेला कोमल वामदेव. मध्ये डोळे मिटलेला तत्पुरुष. संहार इथे देवाचा शत्रू नाही, त्याचंच एक तोंड आहे, तेही त्याच कातळातून काढलेलं. मग या मूर्तीला मरणाविरुद्धचं बंड कसं म्हणायचं?

पहिलं म्हणणं पटतं ते गणपतींमुळे. पनवेलहून पेण जवळच. तिथल्या कारखान्यात गणपतीच्या कच्च्या मूर्ती फळ्यांवर ओळीनं असतात. तेव्हा तो माल असतो, भाव ठरतो. डोळ्यांची आखणी झाली तरी मालच. चतुर्थीला प्राणप्रतिष्ठा झाली की देव. उत्तरपूजा करून मूर्ती जागेवरून किंचित हलवली की पुन्हा माती, पाण्यात सोडायला मोकळी. उत्तम कारागिराचं सुरेख काम आपण दीड दिवसात हातानं बुडवतो, आणि डोळ्यांत पाणी आलं तरी थांबत नाही. काही टिकावं म्हणून मूर्ती घडवली, हा हिशेब इथे लागूच होत नाही.

घारापुरीच्या मूर्ती पुष्कळ फुटल्या आहेत. तरी त्याच लेण्यात, चार दारांच्या गर्भगृहात लिंग आहे आणि महाशिवरात्रीला आमच्या भागातले लोक तिथे बेल वाहतात. म्हणजे देव गेलेलेही नाहीत.

मालरोंची मालिका जरूर पाहा, असा माणूस बोलताना ऐकणं हे भाग्य आहे. पण घारापुरीला जाल तेव्हा फोटो काढून मागे फिरू नका. आधी अघोराच्या तोंडाकडे नीट पाहा, मग मधल्या मिटल्या डोळ्यांकडे, आणि निघण्याआधी त्या लिंगापुढेही थोडा वेळ उभे राहा.