पेन्सिलीनं लिहिलेलं नाव

समुद्रपूरला मामाजींकडे गेलं की चहाच्या आधी ती रेकॉर्ड निघते. दहा इंची, जड, काळी, एकाच बाजूनं वाजणारी. मधोमध कोरं पांढरं लेबल आणि त्यावर पेन्सिलीनं दोन शब्द, जुन्या काळच्या एका मोठ्या गवयाचं नाव: भास्करबुवा बखले. मामाजी फोनोला चावी भरतात, पिन टेकवतात आणि हात जोडून उभे राहतात. यमन संपेपर्यंत, म्हणजे तीन मिनिटं, ते बसत नाहीत. वय ८१. गुडघे दुखतात, तरी नाही.

यंदा रेकॉर्ड थांबल्यावर त्यांनी सरळ विचारलं, "तू जुन्या रेकॉर्डींच्या नोंदी करून राहिला न आता? मग सांग. खरी आहे का नाही?"

"काय खरं आहे ते विचारता, मामाजी? रेकॉर्ड की नाव?"

"ते काय वेगळं असते?"

वेगळं असतं, आणि सगळा गुंता तिथंच आहे. पूर्वी गाणं मेणाच्या चकतीवर कोरलं जाई. तिच्यावर तांबं चढवून उलटा साचा घेत, त्याच्यावरून सुलटा, आणि त्याच्यावरून पुन्हा उलटा. हा शेवटचा साचा लाखेच्या गरम लगद्यावर दाबला की बाजारात जाणारी तबकडी निघे. पण हजारभर प्रती काढण्याआधी दोन-चार प्रती नुसत्या ऐकायला काढत. खरखर आहे का, आवाज फाटतो का, गाणाऱ्याला पसंत आहे का. या चाचणी-प्रतींना छापील लेबल नसे. पसंत पडलं नाही तर साचा मोडीत जाई आणि त्या गाण्याची तेवढीच प्रत जगात उरे. म्हणून तिला मोल येतं, आणि म्हणूनच तिच्या नावावर फसवणूकही होते. साधी रेकॉर्ड घ्यायची, लेबल भिजवून काढायचं आणि वर पांढरा कागद चिकटवायचा.

मी लेबलच्या कडेवरून नख फिरवलं. अडलं नाही. खरं लेबल लाखेसोबतच दाबलं जातं, ते तबकडीच्या अंगात मुरलेलं असतं. मागून चिकटवलेला कागद नखाला लागतो.

"लेबल अस्सल आहे," मी म्हणालो. "ही चाचणीचीच प्रत आहे."

मामाजींचा चेहरा उजळला. मी विजेरी तिरकी धरून लेबलभोवतीची गुळगुळीत पट्टी पाहिली. तिथं साच्याचा क्रमांक होता आणि क्रमांकाच्या पुढं एक बारीकसा त्रिकोण. तो दिसला तेव्हाच मला उत्तर कळलं होतं. मी विजेरी बंद केली आणि काही बोललो नाही.

"अन् आवाज?" मामाजी म्हणाले. "बुवांनी ग्वाल्हेरचे फैज महंमद खाँ, आग्र्याचे नत्थन खाँ अन् जयपूरचे अल्लादिया खाँ, तिघांची तालीम घेतली. या यमनात तिन्ही घराणे दिसते. मी पंचेचाळीस वर्षं ऐकून राहिलो."

"तालीम दिसते, मान्य. पण ती बुवांचीच कशावरून? त्यांचा आवाज ऐकलेलं आज कुणी नाही. त्यांची एकही रेकॉर्ड उपलब्ध नाही. ताडून पाहायचं कशाशी? मास्तर कृष्णरावांच्या, बालगंधर्वांच्या रेकॉर्डींशी? शिष्यांवरून गायकी कळेल, गळा नाही कळणार."

"कान काही सांगतच नाही म्हणतो?"

"सांगतो, पण जे आधी सांगितलेलं असतं ते त्याला जास्त ऐकू येतं. अमेरिकेत मोबाईल फिडेलिटी नावाची कंपनी आहे. तिच्या तबकड्या मूळ फितीवरून थेट कोरलेल्या, मध्ये डिजिटल काही नाही, अशा समजुतीनं जाणकार त्या डोक्यावर घेत होते. जुलै २०२२ मध्ये कंपनीच्याच लोकांनी सांगितलं की मध्ये डिजिटल टप्पा होता, आणि अनेक वर्षं होता. त्या कानांना तो ऐकू आला नव्हता."

मामाजी गप्प बसले. मग म्हणाले, "गिरडच्या टेकडीवरचे गोल दगड पाहिले न तू? शेख फरीद बाबाची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्याचा माल दगड झाला म्हणते. लोक भक्तीनं घरी नेते. त्याईले कोणी पुरावा मागते का? मंग मलेच काहून?"

हा प्रश्न मला भिडला. गिरड आमच्याच तालुक्यातलं. लहानपणी तिथला दगड मीही खिशात घालून आणलेला.

"कथेला पुरावा मागत नाही, मामाजी. पण दगड गिरडचाच असतो. समजा कुणी जामच्या चौकात रस्त्याच्या गिट्टीतला गोटा उचलला आणि गिरडचा म्हणून तुमच्या हातात दिला. तुम्ही त्याला हात जोडले. भक्ती खरी. दगड?"

"दगड खोटा."

"दगड खोटा नाही. तो गिट्टीतला खरा दगड आहे. त्याच्याबद्दल जे सांगितलं ते खोटं."

मग मला गप्प राहणं जमेना. खरं तर गप्पच राहायचं ठरवलं होतं. या वयात माणसाच्या तीन मिनिटांच्या उभं राहण्याला धक्का देऊन मला काय मिळणार? पण त्यांनी विचारलं होतं, आणि विचारणाऱ्याला लहान मुलासारखं वागवणं मला पटलं नाही. मी विजेरी लावून त्रिकोण दाखवला.

"आधी गाणारा कर्ण्यात तोंड घालून गायचा. १९२५ पासून मायक्रोफोन आला, विजेवर मुद्रण सुरू झालं. ग्रामोफोन कंपनी अशा साच्यावर क्रमांकापुढं हा त्रिकोण कोरायची. बुवा १९२२ साली वारले."

मामाजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, पुन्हा पाहिलं. बराच वेळ गेला.

"म्हणजे मी पंचेचाळीस वर्षं कोणासाठी उभा राहिलो?"

"जो गातो आहे त्याच्यासाठी."

"तो कोण?"

"माहीत नाही. आणि मला हेच जास्त लागतं. बुवांचं या नावानं काही वाढत नाही. भारत गायन समाज त्यांनी काढला, 'स्वयंवर' नाटकाच्या चाली त्यांच्या, शिष्य त्यांचे. त्यांना ही रेकॉर्ड नसली तरी चालते. पण ज्यानं हा यमन गायला, त्याच्याजवळ कदाचित एवढीच तीन मिनिटं असतील. कंपनीनं नापसंत केलेली. तीही आपण दुसऱ्याच्या नावावर लिहून टाकली."

पूर्वीचे कित्येक गायक रेकॉर्डच्या शेवटी आपलं नाव मोठ्यानं सांगत. गौहर जान यांची ती घोषणा प्रसिद्ध आहे. तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जात, तिथल्या कारागिराला गाणं कुणाचं हे कळावं म्हणून. या यमनानंतर फक्त खरखर आहे.

मामाजी म्हणाले, "नाव दुकानदारानं नव्हतं लिहिलं."

"मग?"

"नागपुरात जुन्या सामानाच्या दुकानात घेतली तवा लेबल कोरंच होतं. तो नुसता बोलला, बखलेबुवा आहे म्हणून. अक्षर माझं आहे. घरी आल्यावर लिहिलं. विसरून जाईन म्हणून." थोडं थांबून म्हणाले, "रबर आण. पुसून टाकू."

मी नाही म्हणालो. आम्ही यावर चांगला अर्धा तास वाद घातला. त्यांचं म्हणणं, खोटं नाव एक दिवसही राहू नये. माझं म्हणणं, पुसलं तर या तबकडीच्या आयुष्यातली पंचेचाळीस वर्षंही पुसली जातील आणि उद्या पाहणाऱ्याला लेबलवरचा घासलेला डाग तेवढा दिसेल, कारण कळणार नाही. चूक तिथंच राहू द्यावी आणि ती चूक आहे हे शेजारी लिहावं. मामाजी शाळेत शिक्षक होते. मुलाची चूक वहीत खोडायची नाही, बाजूला लाल शाईनं लिहायचं, हे त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं. तेव्हा ते मानले.

तुमच्या घरी अशी कोऱ्या लेबलाची तबकडी असेल तर तिला स्पिरिटनं पुसू नका, लाख विरघळते. आणि आठवत असेल ते पाकिटावर लिहा, लेबलवर नको.

आमच्या पाकिटावर मामाजींच्या अक्षरात आता असं आहे: "यमन. दहा इंची, एका बाजूची चाचणी-प्रत. त्रिकोणाची खूण, म्हणजे १९२५ नंतरची. लेबलवरचं नाव मी लिहिलं, ते चूक आहे. गायक माहीत नाही."

लिहून झाल्यावर त्यांनी चावी भरली, पिन टेकवली आणि ते उभे राहिले.