त्याला दुखतं का?



मागच्या रविवारी मिस्सा संपल्यावर दोन मुले अंगणात खेळत होती. त्यांनी एक चतुर पकडून त्याच्या शेपटीला दोरा बांधला होता. मी रागावलो. एकाने दोरा सोडला आणि विचारले, "फादर, त्याला दुखतं का?" धर्मशिक्षणाच्या वर्गाची वेळ झाली होती. "वर्गात जा," एवढेच मी म्हणालो. त्याचा प्रश्न मात्र आठवडाभर माझ्या मागे लागला आहे.

आपल्या नरसीला हा प्रश्न नवा नाही. ज्या संत नामदेवांचे नाव गावाच्या नावाला जोडले गेले, त्यांच्या बालपणाची एक कथा सांगतात. आई गोणाईने त्यांना औषधासाठी पळसाची साल आणायला पाठवले. साल काढताना झाडातून रस पाझरू लागला. बाळ नामा घरी आला तो धोतराला रक्त लागलेला. झाडाला काय वाटले असेल ते कळावे म्हणून त्याने स्वतःच्या पायाची साल काढून पाहिली होती! ही कथा आहे, इतिहासाचा पुरावा नव्हे. पण तिच्यात एक लहान मूल झाडाच्या जागी स्वतःला ठेवून पाहते, आणि आपण मोठी माणसे नेमके तेच विसरतो.

पर्यावरण हा विषय शाळांत सक्तीने शिकवावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सांगितले. ते योग्यच झाले. पण मुले पाठ काय करतात? झाड लाकूड देते, फळे देते, सावली देते, प्राणवायू देते. हे सारे खरे आहे. तरी या यादीत झाड म्हणजे आपले कोठार ठरते. मग ज्याचा उपयोग दिसत नाही, ते का जपायचे?

तत्त्वज्ञांनीही यावर डोके खाजवले आहे. सतराव्या शतकात देकार्तने प्राण्यांना यंत्रांच्या पंगतीत बसवले. पुढे कान्टने बजावले की, जो प्राण्यांशी क्रूरपणे वागतो तो माणसांशीही कठोर होतो. म्हणजे दया करायची ती अखेर माणसासाठीच. नामाचा प्रश्न याच्या एक पाऊल पुढे आहे. त्याने 'माझे काय होईल?' असे विचारले नाही, 'झाडाचे काय होते?' असे विचारले.

मग त्या मुलाला मी काय उत्तर द्यायला हवे होते? चतुराला आपल्यासारखे दुखते का, हे मला खात्रीने सांगता येणार नाही. झाडाला तर मज्जातंतूच नाहीत. जगदीशचंद्र बोस यांनी १९०१ साली लंडनमध्ये वनस्पतीही बाहेरच्या आघाताला प्रतिसाद देतात हे दाखवले, पण प्रतिसाद म्हणजे वेदना नव्हे. तरीही झाडाची साल सभोवार काढली तर पानांत तयार झालेले अन्न मुळांपर्यंत पोहोचत नाही आणि झाड वाळते. दुखो वा न दुखो, त्याचे वाईट होते. तेव्हा खरे उत्तर असे: "दुखतं का ते नक्की माहीत नाही बाळा, पण त्याला उडायचं होतं आणि आपण उडू दिलं नाही."

गोणाईचेही काही चुकले नव्हते. तिला औषध हवे होते. घ्यावे लागतेच, पण एका बाजूने, गरजेपुरते घ्यावे. देवाने माणसाला बागेत ठेवले ते मशागतीसाठी आणि राखणीसाठी, असे उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात आहे. आपण मशागत लक्षात ठेवली, राखण विसरलो.

कोणी म्हणेल, मुलांना निसर्गात मोकळे सोडले की प्रेम आपोआप येते. पण दोरा बांधणारी ती मुलेही आनंदातच होती! आनंद दोन प्रकारचा असतो: मुठीत धरण्याचा आणि पाहत राहण्याचा. पहिला मुलांना आपोआप येतो. दुसरा कोणीतरी शेजारी बसून शिकवावा लागतो. नुसते रागावले तर मूल दोरा लपवायला शिकते.

यासाठी पैसा लागत नाही. पावसाळ्यात विहिरीवरच्या बाभळीला सुगरण घरटे विणते, ते अर्धा तास मुलासोबत पाहा. फाल्गुनात फुललेला पळस दाखवा. कयाधूच्या काठी चिखलात पाय भरू द्या. हळदीच्या शेतात मूल सोबत आले आणि "ही मुंगी कुठं चालली?" म्हणाले, तर "गप बस" म्हणू नका. आणि बांध पेटवताना, नदीत कचरा टाकताना ते आपल्याकडेच पाहत असते, हेही विसरू नका.

येत्या रविवारी त्या दोघांना मी गाठणार आहे. चतुर डास खातो वगैरे उपयोग नंतर सांगेन. आधी एक खेळ खेळू: काडीवर बसलेल्या चतुराला हात न लावता किती जवळ जाता येते? आणि राहिलेले उत्तरही देईन. वर्गाला पाच मिनिटे उशीर झाला तर पालकांनी समजून घ्यावे.