नांवाचें ऋण

एखाद्या व्यापाऱ्यानें आपला धंदा आवरता घ्यावयाचें ठरविलें, तर ज्यांनीं त्याच्या नांवावर विश्वास ठेवून माल घेतला त्यांचें तो कांहीं देणें लागतो काय? पैसे चुकते झाले, माल पोंचला, पावती हातीं पडली, म्हणजे व्यवहार संपला असें कायदा बहुधा म्हणेल. परंतु नीतीचा हिशेब कायद्याच्या वहींत नेहमींच मावतो असें नाहीं. हा प्रश्न जुना आहे; मात्र आमच्या काळीं तो अशा एका वस्तूच्या निमित्तानें पुढें आला आहे कीं, तिचें नांव ऐकतांच आमच्या कित्येक वाचकांच्या कपाळास आठ्या पडतील. ती वस्तु म्हणजे टीव्हीस जोडून मुलें व तरुण ज्यावर खेळतात तें व्हिडिओ गेमचें यंत्र, म्हणजे कन्सोल. आणि त्यांतही मायक्रोसॉफ्ट कंपनीचा एक्सबॉक्स. खेळण्याची चर्चा प्रौढांच्या मासिकांत कशाला, असें ज्यांस वाटेल त्यांस आमची विनंति एवढीच कीं, त्यांनीं क्षणभर खेळणें बाजूस ठेवून त्याच्या आडून डोकावणाऱ्या प्रश्नाकडे पाहावें.

प्रथम वस्तुस्थिति थोडक्यांत सांगतों. एक्सबॉक्स 15 नोव्हेंबर 2001 रोजीं अमेरिकेंत विक्रीस आला. त्या पिढींत सोनीच्या प्लेस्टेशन 2 चे पंधरा कोटींहून अधिक नग खपले. एक्सबॉक्स सुमारें 2 कोटी 40 लाखांवर थांबला. 2005 सालीं निघालेल्या एक्सबॉक्स 360 नें मात्र या नांवास खरी प्रतिष्ठा मिळवून दिली. आपल्या देशांत हें यंत्र 2006 सालीं आलें. त्यांत मोठा दोष निघाला, तेव्हां जुलै 2007 मध्यें कंपनीनें हमीची मुदत तीन वर्षांपर्यंत वाढविली आणि त्यासाठीं शंभर कोटी डॉलरांहून अधिक रक्कम बाजूस काढली. पुढची पिढी 2013 सालीं निघाली, आणि तेथून उतरती कळा लागली. 2015 पासून कंपनीनें विकलेल्या यंत्रांची संख्या प्रसिद्ध करणेंच सोडून दिलें. दुकानदार गल्ल्याचा आंकडा सांगेनासा झाला, म्हणजे गिऱ्हाइकानें काय समजावयाचें तें समजावें. 2023 च्या ऑक्टोबरांत याच कंपनीनें ॲक्टिव्हिजन ब्लिझर्ड ही खेळ तयार करणारी संस्था सुमारें 6,870 कोटी डॉलरांस घेतली. एवढा खर्च केल्यावर यंत्रास बळ येईल असें पुष्कळांस वाटलें. झालें तें उलटें. फेब्रुवारी 2024 मध्यें कंपनीनें आपले चार खेळ प्रतिस्पर्ध्यांच्या यंत्रांवर देण्याचें जाहीर केलें. आणि ऑक्टोबर 2025 मध्यें, ज्या ‘हेलो’ या खेळाच्या बळावर 2001 सालीं एक्सबॉक्स उभा राहिला, तोच नव्या रूपांत प्लेस्टेशनवर येणार असल्याची घोषणा झाली. मधल्या काळांत, नोव्हेंबर 2024 मध्यें, एक जाहिरात निघाली. तींत फोन, लॅपटॉप व टीव्ही दाखवून हाही एक्सबॉक्सच, तोही एक्सबॉक्सच, असें सांगितलें होतें. नवें यंत्र करणार नाहीं असें मात्र कंपनी म्हणाली नाहीं. जून 2025 मध्यें एएमडी या कंपनीशीं सहकार्य जाहीर करतांना तिनें पुढच्या यंत्राचें आश्वासनच दिलें. भविष्य संदिग्ध आहे तें यामुळेंच.

आतां विचार करण्याजोगी गोष्ट ही कीं, सर्वच वस्तु एक्सबॉक्स असतील तर एक्सबॉक्स कोणती वस्तु? ग्रीक लोकांत थीसियसच्या जहाजाची कथा प्रसिद्ध आहे. अथेन्सच्या लोकांनीं तें जतन करून ठेविलें, कुजलेली एकेक फळी काढून नवी बसविली, आणि तत्त्वज्ञांस वादास विषय मिळाला कीं हें जहाज तेंच कीं निराळें. आपल्याकडे मिलिंदप्रश्नांत नागसेन भिक्षूनें रथाच्या दृष्टान्तानें हाच विचार केला आहे. चाक म्हणजे रथ नव्हे, आंस म्हणजे रथ नव्हे; हे भाग एकत्र आले असतां आपण व्यवहारासाठीं जें नांव देतों तें रथ. हा विचार मान्य केला तर नांव ही केवळ सोय ठरते, आणि तें कशास लावावें याची मुभा कंपनीस मिळते. पण येथें एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. रथाचें नांव कोणास कांहीं वचन देत नाहीं. व्यापाऱ्याचें नांव मात्र वचनच असतें. ‘हें नांव पाहून घ्या, फसणार नाहीं’ एवढाच त्याचा अर्थ, आणि एवढ्यासाठींच गिऱ्हाईक त्या नांवाचे दोन पैसे अधिक मोजतो. तेव्हां फळ्या किती बदलल्या हा येथें मुख्य प्रश्न नव्हे. ज्या वचनावर प्रवासी जहाजांत चढले तें वचन शिल्लक आहे कीं नाहीं, हा आहे.

याचें उदाहरण पाहण्यास अमेरिकेस जावयास नको. मुंबईंत लोअर परळ येथें फिनिक्स मिल होती. आज त्या जागीं मॉल आहे, आणि तो चालविणाऱ्या कंपनीच्या नांवांत ‘मिल्स’ हा शब्द अद्याप आहे. नांव राहिलें, सूत गेलें. 18 जानेवारी 1982 रोजीं गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्याच्या मागोमाग मुंबईंतलें पुष्कळ विणकाम आमच्या भिवंडीच्या यंत्रमागांकडे वळलें. आतां त्याच भिवंडींत कित्येक माग वजनावर भंगारांत गेले आहेत आणि भोंवतीं गोदामें उभीं राहिलीं आहेत. आम्ही राहतों त्या काल्हेर गांवीं, ठाण्याहून कशेळीचा पूल ओलांडून आलें कीं रस्त्याच्या दोन्ही अंगांस जेथें भातशेती होती, तेथें आतां पत्र्याच्या छपरांची रांग लागते. मुंबईच्या जकातीबाहेर माल ठेवण्याच्या सोयीसाठीं हीं गोदामें प्रथम वाढलीं. 1 जुलै 2017 रोजीं जकात गेली, तरी गोदामें गेलीं नाहींत. या छपरांखालीं खोक्यावरची चिठ्ठी हेंच सत्य असतें. आंत काय आहे, त्याचें पुढें काय होणार, हें हमालास ठाऊक नसतें आणि त्यानें तें जाणावें अशी कोणाची अपेक्षाही नसते. परंतु खोकें घरीं नेणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्यानें चिठ्ठीसाठीं पैसे दिलेले नसतात.

येथें पूर्वपक्ष असा निघेल कीं, तोट्यांत चाललेला धंदा चालू ठेवा असें कोणास सांगतां येत नाहीं. काळ बदलतो, चवी बदलतात, आणि जो बदलत नाहीं तो बुडतो. हा पक्ष आम्हांस सर्वस्वी मान्य आहे. कोणत्याही कंपनीस अमरपट्टा नको, आणि धंदा बंद करणें हें पाप नव्हे. पण बंद करण्याच्याही रीति आहेत. सेगा या जपानी कंपनीची यंत्रें 1990 नंतरच्या दशकांत आपल्याकडे शॉ वॉलेसच्या मार्फत विकलीं जात. तिचें शेवटचें यंत्र ड्रीमकास्ट 27 नोव्हेंबर 1998 रोजीं जपानांत निघालें आणि चाललें नाहीं. 31 जानेवारी 2001 रोजीं सेगानें स्पष्ट सांगितलें कीं, आम्ही यंत्रें करणें थांबवितों, यापुढें दुसऱ्यांच्या यंत्रांसाठीं खेळ करूं. तिचे अध्यक्ष इसाओ ओकावा यांनीं कंपनीस दिलेलें कर्ज माफ केलें, आपले कोट्यवधि डॉलरांचे शेअर तिला देऊन टाकले, आणि 16 मार्च 2001 रोजीं ते वारले. सेगा हरली, पण तिनें पराभवास विजयाचें नांव दिलें नाहीं. म्हणून आज चोवीस-पंचवीस वर्षांनंतरही त्या यंत्राविषयीं लोक आदरानें बोलतात. याच्या उलट अटारीनें 1983 सालीं न खपलेल्या खेळांचा ढीग न्यू मेक्सिकोंतील अलामोगोर्डोच्या वाळवंटांत पुरला. एप्रिल 2014 मध्यें लोकांनीं तो उकरून काढला, आणि पुरणाराची लाज त्याबरोबर वर आली.

तेव्हां जावें कीं राहावें हा प्रश्न व्यापाराचा आहे. जातांना खरें बोलावें कीं नाहीं, हा नीतीचा. आमच्याकडे म्हण आहे, गाजराची पुंगी, वाजली तर वाजली, नाहीं तर मोडून खाल्ली. कंपनीच्या दृष्टीनें कन्सोल ही अशीच पुंगी आहे. वाजली तोंवर वाजविली. आतां मोडून तिचे खेळ इतर यंत्रांवर विकून खाणें तिला शक्य आहे. अडचण एवढीच कीं, ज्यानें ही पुंगी पैसे देऊन घेतली त्याला ती मोडून खातां येत नाहीं.

हें कसें तें समजण्यास गिऱ्हाइकानें नेमकें काय घेतलें तें पाहिलें पाहिजे. आमचा एक विद्यार्थी येथल्याच एका गोदामांत रात्रपाळीस माल मोजण्याचें काम करतो. पहिल्या कांहीं पगारांतून शिल्लक टाकून त्यानें हें यंत्र घेतलें. एके दिवशीं त्यानें आम्हांस विचारलें, “सर, यंत्र माझें आहे हें मला कळतें, पण त्यांतले खेळ माझे म्हणावे काय?” प्रश्न साधा आहे, पण त्याचें उत्तर साधें नाहीं. पूर्वीं खेळ तबकडीवर येत. ती कपाटांत ठेवावी, मित्रास द्यावी, विकावी. 2013 च्या मे-जून महिन्यांत मायक्रोसॉफ्टनें अशी योजना पुढें मांडली कीं, यंत्रानें चोवीस तासांतून एकदां तरी इंटरनेटवरून कंपनीची अनुज्ञा घ्यावी आणि वापरलेली तबकडी दुसऱ्यास देण्यावर निर्बंध असावे. लोक इतके खवळले कीं 19 जून रोजीं योजना मागें घ्यावी लागली. परंतु जी गोष्ट दारानें आली नाहीं ती खिडकीनें आली. आतां बहुतेक खेळ तबकडीविना, केवळ खात्यावर घेतले जातात. कांहीं तर मासिक वर्गणीवर मिळतात, आणि ऑक्टोबर 2025 मध्यें त्या वर्गणीचा सर्वांत वरचा दर अमेरिकेंत एकदम निम्म्यानें वाढला. 29 जुलै 2024 रोजीं एक्सबॉक्स 360 चें दुकान बंद झालें. पूर्वीं घेतलेले खेळ पुन्हां उतरवून घेण्याची सोय कंपनीनें ठेविली, हें तिच्या बाजूनें सांगितलें पाहिजे. पण ती सोय आहे, स्वामित्व नव्हे. युबीसॉफ्टचा ‘द क्रू’ हा 2014 चा खेळ 31 मार्च 2024 रोजीं सर्व्हर बंद करतांच घेणाऱ्यांच्या हातीं मृत झाला. यांतूनच युरोपांत चळवळ उठली आणि तिच्या अर्जावरील सह्या जुलै 2025 मध्यें दहा लाखांवर गेल्या. कॅलिफोर्नियांत सप्टेंबर 2024 मध्यें असा कायदा झाला कीं, ज्या डिजिटल मालाचा केवळ परवाना मिळतो, तो सरळ ‘विकत घ्या’ म्हणून खपवूं नये. परवानाच आहे हें उघड सांगावें.

आपल्याकडे 1930 च्या मालविक्रीच्या कायद्यांत एक सुंदर तत्त्व आहे. विकणारानें स्पष्ट म्हटलें नाहीं तरी, घेणारास मालाचा निर्वेध ताबा उपभोगतां येईल अशी हमी त्या विक्रींत गृहीत असते. डिजिटल परवाना या कायद्याच्या व्याख्येंत बसेल कीं नाहीं याचा निर्णय कायदेपंडितांनीं करावा. आमचें म्हणणें एवढेंच कीं, ती हमी कायद्यानें निर्माण केली नाहीं. बाजारांत माणसें ज्या समजुतीनें हात पुढें करतात, ती समजूत कायद्यानें फक्त लिहून घेतली. ही समजूत वकिलाच्या शब्दांनीं रद्द करतां येत नाहीं. म्हणून त्या विद्यार्थ्यास आम्हीं उत्तर दिलें तें असें कीं, कागदावर ते खेळ तुझे नसतील, पण तुझी जी समजूत करून देऊन पैसे घेतले, तिचें ऋण त्यांच्यावर आहे.

आतां दुसरी बाजू. ऋण एकाच बाजूस असतें काय? या नांवाचे कांहीं भक्त असे आहेत कीं, प्रतिस्पर्ध्याचें यंत्र चांगलें म्हणणारास ते शत्रु समजतात. ही निष्ठा आम्हांस अस्थानीं वाटते. निष्ठा जिवंत माणसाशीं किंवा तत्त्वाशीं असावी. नांवाशीं ठेवलेली निष्ठा नांव विकलें जातांच दुसऱ्याच्या मालकीची होते. कृतज्ञताच वाटत असेल तर ती खेळ घडविणाऱ्यांविषयीं वाटावी. प्रतिस्पर्ध्याकडे गेलेल्या त्या चार खेळांपैकीं ‘हाय-फाय रश’ हा रसिकांनीं वाखाणलेला खेळ होता. तो रचणारा टँगो गेमवर्क्स हा जपानी स्टुडिओ मे 2024 मध्यें याच कंपनीनें बंद केला. पुढें ऑगस्टांत तो दुसऱ्या कंपनीनें घेतला म्हणून वांचला. त्याच वर्षाच्या जानेवारींत या कंपनीच्या गेमविभागांतून 1,900 माणसें कमी झालीं होतीं. नांवाच्या भांडणांत हीं माणसें कोणाच्याच नजरेस पडत नाहींत. भिवंडीच्या कापडाची किंमत ठरवितांना मागावर रात्र काढणारा जसा हिशेबांत येत नाहीं, तसेंच हें आहे.

तेव्हां आमच्या मतें नांव चालविणाराकडे तीन गोष्टींचें देणें उरतें. थांबावयाचें असेल तर वेळेवर आणि स्पष्ट शब्दांत सांगणें, ही पहिली. जें विकलें तें घेणाराच्या हातीं चालत राहील अशी तजवीज करून जाणें, ही दुसरी. आणि वस्तु बदलली असतां जुन्या नांवाच्या पुण्याईवर नवी वस्तु जुनीच म्हणून न खपविणें, ही तिसरी. 2007 सालीं याच कंपनीनें दोष पत्करून शंभर कोटी डॉलरांचा भुर्दंड सोसला, तेव्हां नांवाचें ऋण म्हणजे काय हें तिला कळत होतें. एक्सबॉक्स जगेल कीं मरेल याविषयीं भविष्य वर्तविणें हें आमचें काम नव्हे. पण उद्यां तो गेला, तर मागें किती तोटा झाला हें हिशेबनीस सांगतील. तो नीट गेला कीं नाहीं, हें मात्र गोदामांत रात्रपाळी करून परतलेला मुलगा यंत्र चालू करील तेव्हांच ठरेल.