सोबतीची धाव



माघ सरून फाल्गुन लागला की दिवस लांबू लागल्याचे आपल्या ध्यानात येते, ते पंचांगामुळे नव्हे, तर कामावरून घरी परतल्यावरही अंगणात उजेड शिल्लक असतो म्हणून. डिसेंबरच्या आरंभी पुण्यात सहाच्या सुमारास मावळणारा सूर्य मार्चअखेरीस पावणेसातच्या आसपास मावळतो. आपण दिल्लीकडे राहत असाल, तर हाच फरक जवळजवळ सव्वा तासाचा असल्याचे आपण अनुभवले असेल.

या वाढीव उजेडात काही मंडळी टेकडीवर धावायला जातात. पुण्याची वेताळ टेकडी त्यांच्या विशेष आवडीची. या दिवसांत तेथील गवत वाळून पिवळे पडलेले असते, पर्णहीन गिरिपुष्पावर फिकट गुलाबी फुले लगडलेली असतात आणि जुन्या दगडखाणीच्या बाजूने मोराचा केकारव ऐकू येतो. पायवाट मुरमाची, निसरडी. चढणीवर गप्पा आपोआप थांबतात. पुढचा 'दगड!' म्हणून ओरडतो आणि मागचे आपले पाऊल सावरतात. या धावण्यातून कोणालाही काही मिळवायचे नसते. प्रकृतीसाठी धावतो असे ते सांगतात खरे, परंतु ते बहुधा घरच्यांची समजूत घालण्यासाठी असते!

अशा निव्वळ आनंदासाठी जमलेल्या मैत्रीचे मोल किती? ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरील आपल्या ग्रंथात मैत्रीचे तीन प्रकार सांगितले आहेत: उपयोगासाठी केलेली, सुखासाठी केलेली आणि मित्राचे भले केवळ त्याच्यासाठी इच्छिणारी. सुखाची मैत्री त्याने खालच्या पायरीवर ठेवली, कारण सुख ओसरले की तीही ओसरते. आपल्यापैकी काहींना वेगळाच संकोच वाटेल. उपवासकाळ नेमका याच दिवसांत येतो. आत्मसंयमनाच्या या ऋतूत असे हुंदडणे शोभते काय? गंमत अशी की, या काळाला इंग्रजीत 'लेंट' म्हणतात आणि त्या शब्दाचे मूळ वसंत ऋतूच्या जुन्या इंग्रजी नावात आहे. ते नाव दिवस लांबण्यावरूनच पडले असावे, असे भाषापंडित मानतात. तेव्हा त्या संकोचाने फार अस्वस्थ होण्याचे कारण नाही.

ॲरिस्टॉटलचा आक्षेप मात्र सहज बाजूला सारता येत नाही. त्याची कसोटी टेकडीवर रोजच लागते, कारण पाच जण धावतात तेव्हा पाचांची गती एक नसते.

प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिताना शर्यतीचा दाखला दिला, तो ऐकणाऱ्यांच्या ओळखीचा होता. करिंथजवळ इस्थमिया येथे दर दोन वर्षांनी खेळ भरत आणि विजेत्याला पानांचा मुकुट मिळे, जो लवकरच सुकून जाई. तेथे बक्षीस एकालाच. मागे पडलेल्याचे काय होते, हा प्रश्न त्या क्रीडांगणात उद्भवतच नाही. टेकडीवर तो उद्भवतो. आपल्या प्रदेशात संधिप्रकाश फार टिकत नाही. सूर्य गेल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत झाडाखालची वाट दिसेनाशी होते. म्हणून सर्वांत हळू धावणाऱ्याला मागे सोडून जाणे बरे नव्हे, हे सर्वांनाच पटते.

मग पुढचे काय करतात? वाट फुटते तेथे थांबतात. हे सौजन्य आपल्याला पुरेसे वाटेल. पण बारकाईने पाहावे. थांबलेल्यांचा दम तोवर जिरतो, पाणी पिऊन होते. मागचा धापा टाकीत पोहोचताच ते म्हणतात, 'चला, आलास ना!' आणि धावू लागतात. ज्याला विसाव्याची सर्वाधिक गरज, त्यालाच तो मिळत नाही. पुढच्यांना वाटते, आपण त्याच्यासाठी किती थांबलो! वाट पाहणे आणि सोबत करणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीत आपली गती आपण राखतो, फक्त तिचे तुकडे करतो. दुसरीत ती सोडून द्यावी लागते.

ही सोडणूक फुकट होत नाही, हेही मान्य केले पाहिजे. ज्याच्या पायांत वेग आहे त्याला तो आवरून धावणे जाचते, आणि आठवड्यातून एखाद्या संध्याकाळी त्याने एकट्याने मनसोक्त धावावे, यात मला काही गैर दिसत नाही. पण सोबत निघाल्यावर त्याने गती आवरली, तर त्याच्या सुखात दुसऱ्याचे सुख मिसळते. तेथे ॲरिस्टॉटलने आखलेली रेघ पुसट होते. सुखासाठी जमलेले मित्र त्याच्या तिसऱ्या प्रकारात कधी जाऊन बसले, हे त्यांनाही कळत नाही.

मागे राहणाऱ्याची बाजू अधिक अवघड आहे. आपल्यामुळे इतरांचा उजेड वाया जातो, ही टोचणी त्याला असते. तो म्हणतो, 'तुम्ही व्हा पुढे, मी येतो.' वाचकहो, हे वाक्य आपण घरातील वृद्धांच्या तोंडूनही ऐकले असेल. त्यात उदारपणा असतो आणि थोडी भीतीही. ते खरे मानून लोक पुढे गेले, तर बोलणारा काही दिवसांनी येईनासा होतो. 'छे, छे, आम्हांला कसली घाई?' हे उत्तर नेहमीचे. ते ऐकून तो अधिकच ओशाळतो. याहून चांगले उत्तर मी एकदाच पाहिले. पुढच्यांपैकी एक जण बुटाची नाडी बांधायला खाली बसला आणि मागच्याला पुरता दम मिळेपर्यंत ती नाडी काही त्याला बांधता आली नाही.